तोटाही कळवावा लागतो

‘कर नफ्यावर असतो, ज्याला तोटा झाला त्याने सरकारला काय सांगायचे?’ हा प्रश्न आमच्या मिठबावात मी पुष्कळदा ऐकला आहे. मुंबईची नोकरी संपवून परतलेले कितीतरी चाकरमानी आमच्या वाडीत आहेत. फंडाचे चार पैसे काहींनी शेअर्समध्ये घातले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे ही मंडळी इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडे येतात. मी कलाशाखेचा विद्यार्थी खरा, पण त्यांच्यामुळे हा विषय समजून घेणे भाग पडले. जे समजले ते येथे मांडतो.

रापणीला एका हंगामात मासळी लागली नाही, तर त्या वर्षीचे देणे पुढच्या हंगामातून फिटते. आयकर कायद्यानेही भांडवली तोट्याला अशीच सवलत दिली आहे. शेअर किंवा जागा विकून तोटा आला आणि त्याच वर्षीच्या भांडवली नफ्यातून तो भरून निघाला नाही, तर उरलेला तोटा पुढील 8 वर्षांपर्यंतच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो. 1961 च्या कायद्यात ही तरतूद कलम 74 मध्ये होती.

एक उदाहरण घेऊ. मुंबईच्या जेट एअरवेज कंपनीची विमाने 17 एप्रिल 2019 रोजी थांबली. समजा, काही महिन्यांपूर्वी घेतलेले तिचे शेअर एखाद्याने त्या मे महिन्यात विकले आणि 60,000 रुपये तोटा आला. हा तोटा 2027-28 या आर्थिक वर्षापर्यंत उपयोगी पडतो. 2025-26 मध्ये त्याला दुसऱ्या शेअर्सवर 60,000 रुपये अल्पमुदतीचा नफा झाला, तर एरवी त्यावर 20 टक्के, म्हणजे उपकर सोडून 12,000 रुपये कर बसला असता. जुना तोटा वजा केल्यावर तो शून्य होतो. मात्र ज्याने ते शेअर विकलेच नाहीत, त्याचा तोटा केवळ कागदावरचा. विक्रीवाचून कायदा तो मानत नाही.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बाजारात नोंदलेले शेअर 12 महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवले तर ते दीर्घमुदतीचे. अल्पमुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो. दीर्घमुदतीचा मात्र फक्त दीर्घमुदतीच्या नफ्यातून. पेन्शन किंवा बँकेच्या व्याजातून यांपैकी काहीच वजा होत नाही. खेड्यातील शेतजमीन कायद्याने भांडवली मालमत्ताच नव्हे. तिच्या विक्रीवर कर नाही, तशी तोट्याची वजावटही नाही.

सर्वांत महत्त्वाची अट मुदतीची. ज्या वर्षी तोटा झाला, त्या वर्षीचे विवरणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत, बहुधा 31 जुलैपूर्वी, भरलेच पाहिजे. उशिरा भरलेले विवरणपत्र स्वीकारले जाते, पण तोटा पुढे जात नाही. ‘सहज’ नावाच्या सोप्या नमुन्यात अशा तोट्याला जागा नाही; नमुना 2 मध्ये त्यासाठी स्वतंत्र तक्ता असतो.

‘उत्पन्नच नाही, मग फॉर्म कशाला?’ असे म्हणून गप्प बसणाऱ्याचे नुकसान दोनदा होते: एकदा बाजारात आणि पुन्हा नफा होईल तेव्हा. श्रीमंताला हे सांगायला सल्लागार असतो. आपल्या वडीलमंडळींना कोण सांगणार? मित्रहो, कॉलेजात शिकणाऱ्या आपणच ते काम अंगावर घेतले पाहिजे. जुलै उजाडण्यापूर्वी घरी एकदा एवढेच विचारा: ‘यंदा काही तोट्यात विकले का?’