श्रवणाच्या अध्यापनाची वीस वर्षे

परकी भाषा शिकविण्याच्या व्यवहारात वाचन, लेखन आणि संभाषण यांना जो मान मिळाला तो श्रवणाच्या वाट्याला क्वचितच आला. १९४३ पासूनचे बीबीसीचे इंग्रजीचे पाठ काय, किंवा १९५९ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकेने मोजक्या शब्दांत व संथ गतीने चालविलेले ‘स्पेशल इंग्लिश’ काय, ही साधने मोलाची खरी; परंतु नभोवाणीची वेळ वर्गाच्या तासाशी जुळत नसे, आणि १९६३ साली फिलिप्सची कॅसेट आल्यावरही ती शिक्षकाच्या टेबलावरील एकाच यंत्रात फिरत असल्यामुळे, मागे वळून पुन्हा ऐकण्याची मुखत्यारी त्या एकट्याकडेच राहिली.

२००४ च्या फेब्रुवारीत ‘गार्डियन’मधील बेन हॅमर्स्ले यांच्या लेखात ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द उमटला. त्याच वर्षी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने प्रथम वर्षाच्या १६०० हून अधिक विद्यार्थ्यांना आयपॉड वाटले, आणि त्यांचा उपयोग करणाऱ्यांत परभाषांचे वर्गही होते. २००५ च्या जूनमध्ये आयट्यून्सवर पॉडकास्टची सोय झाली, पुढच्या वर्षी स्कॉटलंडमधून ‘कॉफी ब्रेक स्पॅनिश’ सुरू झाले, आणि मग साहित्याला तोटा म्हणून राहिला नाही.

तथापि साधन बदलले तरी वर्गातील रिवाज बदलला नाही. ध्वनिफीत दोनदा लावावी, पाच प्रश्न विचारावेत, उत्तरांना गुण द्यावेत, हाच क्रम पॉडकास्टच्या बाबतीतही चालू राहिला. जॉन फील्ड यांनी २००८ च्या ‘लिसनिंग इन द लँग्वेज क्लासरूम’ या ग्रंथात या रिवाजावर नेमके बोट ठेवले : अशाने श्रवणाची परीक्षा होते, शिक्षण होत नाही, उत्तर चुकले तर कान कोठे अडखळला, हे शोधणे हेच शिक्षकाचे काम. ‘शुड हॅव गॉन’ हे तीन शब्द पुस्तकात सुटेसुटे उभे असतात. बोलताना मात्र मधला ‘हॅव’ झिजून केवळ ‘अव्’ उरतो, आणि व्याकरणात पैकीच्या पैकी गुण मिळविणारा विद्यार्थी तेथेच गोंधळतो. अशा जागी ध्वनी थांबवून, चार सेकंद मागे नेऊन, सोबतच्या संहितेशी ताडून पाहण्याची मुभा प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे मिळाली, हीच माझ्या मते पॉडकास्टची खरी देणगी होय. डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेच्या जर्मन बातम्या संथ वाचनात आणि मूळ गतीत, संहितेसह उपलब्ध असतात. आधी संथ, मग मूळ गतीत ऐकून, जो शब्द निसटला त्याची खूण संहितेवर करून विद्यार्थी वर्गात आला, म्हणजे तासाचा आरंभ त्या खुणांपासून करता येतो.

हा मागोवा घेताना मनाला खरी हळहळ वाटते ती आपल्या भाषेविषयी. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. घरी मराठीचा शब्दही न ऐकणारे मूल ‘मी जात आहे’ हे पुस्तकात शिकते आणि मधल्या सुट्टीत त्याच्या कानी पडते ते ‘मी जातोय’. मराठी पॉडकास्ट आज पुष्कळ आहेत. पण ते मराठी जाणणाऱ्यांसाठी. या मुलांसाठी संथ आणि स्वाभाविक अशा दोन्ही गतींतील, संहितेसह, इयत्तावार ध्वनिमुद्रणांची तजवीज शिक्षण खात्याने पाठ्यपुस्तकाबरोबरच करावयास हवी. तिला फार मोठा खर्चही येणार नाही.