बिल व्हेक: फड रंगवणारा क्लबमालक

अमेरिकेतल्या बेसबॉल प्रेक्षकांचा बिल व्हेकवर (१९१४–१९८६) फार जीव होता आणि इतर क्लबमालकांच्या डोळ्यांत तो तितकाच खुपायचा. क्लीव्हलँड, सेंट लुइस आणि दोनदा शिकागो असे क्लब त्याने चालवले. गडगंज तो कधीच नव्हता. दर वेळी भागीदार गोळा करून, उधारउसनवार करून क्लब घ्यायचा, रिकामी मैदानं भरायची आणि पुढे विकून मोकळं व्हायचं, असा त्याचा खाक्या.

त्याचा जन्म शिकागोचा. वडील क्रीडापत्रकार होते आणि पुढे शिकागो कब्ज क्लबचे अध्यक्ष झाले. त्यामुळे पोरगा मैदानात शेंगदाणे विकत वाढला. १९३३ मध्ये वडील वारले तेव्हा कॉलेज सोडून तो कब्जच्या कचेरीत लागला. कब्जचं मैदान असलेल्या रिग्ली फील्डच्या विटांच्या भिंतीवर आज दिसणारा हिरवा वेल त्याच्याच काळात, १९३७ मध्ये लावला गेला. १९४१ साली चार्ली ग्रिम या भागीदाराला सोबत घेऊन त्याने मिलवॉकीचा दुय्यम श्रेणीतला डबघाईला आलेला क्लब उचलला. युद्धकाळात रात्रपाळीच्या कामगारांना सामने पाहता यावेत म्हणून सकाळीच खेळ ठेवले आणि वर न्याहारीही दिली. पुढे तो स्वतः मरीन दलात गेला. पॅसिफिकमधल्या बूगनव्हिल बेटावर तोफेच्या उलट्या धक्क्याने त्याचा उजवा पाय चिरडला आणि अखेर तो कापावा लागला. लाकडी पायात त्याने एक खोबण करून घेतली आणि तिचा राखदाणी म्हणून वापर केला. सिगारेट काही सुटली नाही.

१९४६ मध्ये त्याने क्लीव्हलँड इंडियन्स विकत घेतला. टाय न लावणारा हा मालक स्वस्त बाकांवर जाऊन बसायचा आणि लोकांच्या तक्रारी ऐकायचा. आतषबाजी, बँड, विदूषक हे सगळं होतंच. पण त्याचं खरं मोठं काम वेगळं आहे. जुलै १९४७ मध्ये त्याने लॅरी डोबीला घेतलं. जॅकी रॉबिन्सन नॅशनल लीगमध्ये उतरल्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत अमेरिकन लीगला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मिळाला. रॉबिन्सनच्या जुन्या क्लबला त्याला घेणाऱ्या डॉजर्सने छदामही दिला नव्हता; व्हेकने मात्र डोबीच्या नेवार्क ईगल्सला रीतसर पैसे मोजले. पुढच्या वर्षी त्याने सॅचेल पेजला आणलं. कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगमधला हा महान पिचर तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता. हा नुसता प्रसिद्धीचा डाव, अशी टीका झाली. पेजने सहा सामने जिंकून दिले आणि एकच हरला. त्या १९४८ च्या हंगामात क्लीव्हलँडने वर्ल्ड सिरीज जिंकली आणि घरच्या मैदानावर २६ लाखांहून जास्त प्रेक्षक आले. तो त्या काळचा विक्रम होता. पण १९४९ मध्ये घटस्फोटाच्या तडजोडीसाठी पैसा उभा करायला व्हेकला क्लब विकावा लागला.

हिशेबातही तो पक्का होता. क्लब घेताना किमतीचा मोठा वाटा खेळाडूंच्या करारांवर दाखवायचा आणि कारखान्यातल्या यंत्राप्रमाणे त्यांचा घसारा काढायचा, ही युक्ती त्याच्याच नावावर जमा आहे. कागदावर तोटा दिसे आणि कर वाचे. ज्या मालकांनी त्याला नावं ठेवली, त्यांनीही पुढे ती मुकाट्याने वापरली.

१९५१ मध्ये त्याने सेंट लुइस ब्राउन्स हा तळाचा क्लब घेतला. १९ ऑगस्टला डेट्रॉइटशी दोन सामने होते. पहिला संपल्यावर मैदानात एक भलामोठा नकली केक आणला गेला आणि त्यातून एडी गेडेल बाहेर पडला. उंची ३ फूट ७ इंच, पाठीवर १/८ असा आकडा. लोक हसले आणि विसरले. दुसऱ्या सामन्यात ब्राउन्सची पहिली फलंदाजी आली तेव्हा हाच गेडेल छोटीशी बॅट घेऊन उभा राहिला. पंच धावत आले. प्रशिक्षक झॅक टेलरने खिशातून सही झालेला करार काढून दाखवला. बेसबॉलमध्ये तेव्हा चेंडू फलंदाजाच्या काख ते गुडघा एवढ्या पट्ट्यातून जावा लागे. तसे चार चेंडू चुकले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. वाकून उभ्या राहिलेल्या गेडेलचा पट्टा जेमतेम उरला होता. कॅचर गुडघ्यांवर बसला, तरी पिचर बॉब केनचे चारही चेंडू उंच गेले. गेडेल बेसवर पोचला, त्याच्या जागी दुसरा धावक आला. बॅट फिरवायची नाही, अशी तंबी त्याला आधीच मिळाली होती. सामना ब्राउन्स हरलेच. दुसऱ्या दिवशी लीगचे अध्यक्ष विल हॅरिज यांनी करार रद्द केला. पाचच दिवसांनी व्हेकने प्रेक्षकांच्या हाती ‘हो’ आणि ‘नाही’ लिहिलेल्या पाट्या देऊन डावपेच त्यांनाच ठरवू दिले. टेलर झुलत्या खुर्चीत बसून होता आणि त्या दिवशी ब्राउन्स जिंकले!

गंमत इथे संपली. १९५३ मध्ये गावातला दुसरा क्लब, कार्डिनल्स, अनहायझर-बुश या बियर कंपनीने घेतला. तिच्या पैशापुढे टिकाव लागणार नाही हे ओळखून व्हेकने क्लब बॉल्टिमोरला हलवायची परवानगी मागितली. इतर मालकांनी ती नाकारली. त्याने हिस्सा विकताच त्याच मालकांनी हलवायला होकार दिला. यात व्यवहारापेक्षा सूडच जास्त दिसतो.

१९५९ मध्ये त्याच्या नव्या क्लबने, शिकागो व्हाइट सॉक्सने, चाळीस वर्षांनी लीग जिंकली. पुढच्या वर्षी होमरननंतर आतषबाजी करणारा धावफलक आणि खेळाडूंच्या पाठीवर नावं, या दोन गोष्टी त्याने आणल्या. आजारपणामुळे १९६१ मध्ये त्याने क्लब सोडला. खेळाडूला क्लबशी जखडून ठेवणाऱ्या नियमाविरुद्ध कर्ट फ्लडने खटला भरला, तेव्हा १९७० मध्ये व्हेकने त्याच्या बाजूने साक्ष दिली.

१९७५ च्या अखेरीस त्याने व्हाइट सॉक्स पुन्हा घेतला आणि नेमक्या त्याच सुमारास तो नियम मोडीत निघाला. पगार भडकले आणि ज्या बदलाची त्याने पाठराखण केली, तोच त्याला परवडेना. करार संपत आलेले खेळाडू वर्षभरापुरते घेऊन त्याने १९७७ मध्ये ९० सामने जिंकले. १९७८ मध्ये डोबीला त्याने मुख्य प्रशिक्षक केलं. मेजर लीगमधला तो दुसराच कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. १२ जुलै १९७९ रोजी मात्र खेळ अंगाशी आला. डिस्को संगीताची तबकडी आणणाऱ्याला ९८ सेंटांत प्रवेश होता आणि दोन सामन्यांच्या मध्ये त्या तबकड्या स्फोटाने उडवायच्या होत्या. अपेक्षेबाहेर गर्दी लोटली, हजारो जण मैदानात घुसले, जाळपोळ झाली. व्हेक ध्वनिक्षेपकावरून विनवण्या करत राहिला, पण कोणी ऐकेना. पोलिसांनी मैदान रिकामं केलं आणि दुसरा सामना डेट्रॉइटला बहाल झाला.

१९८१ मध्ये त्याने क्लब विकला. त्यानंतर तो रिग्ली फील्डच्या स्वस्त बाकांवर बसून सामने पाही. २ जानेवारी १९८६ रोजी फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून त्याचं निधन झालं आणि १९९१ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.