थोडक्या भांडवलात सुरेल घर

बँकेच्या सेवेत असताना कर्जाचा अर्ज समोर आला की मी एक प्रश्न हमखास विचारीत असे, "धंद्याची अडचण खरोखर भांडवलाची आहे, की आहे ते भांडवल नीट फिरत नाही ही?" हाच प्रश्न निवृत्तीनंतर मी स्वतःला विचारावयास विसरलो आणि त्याची किंमत मोजली.

आमच्या घरी एक साधी स्टिरिओ यंत्रणा आहे : दोन स्पीकर, एक लहान अँप्लिफायर आणि एक जुना कॅसेट डेक. कै. आईच्या आवाजातील ओव्यांच्या चार कॅसेट त्यावर ऐकाव्यात, एवढीच माझी हौस. परंतु शब्द स्पष्ट कळत नसत. आवाज पोकळ वाटे, गाणारे माणूस नेमके कोठे बसले आहे हे उमगत नसे. अँप्लिफायरची ताकद कमी पडते असा निष्कर्ष काढून मी १८,००० रुपये खर्चिले व दुप्पट वॅटचा नवा अँप्लिफायर आणला. आवाज किंचित वाढला. ओव्या होत्या तशाच अस्पष्ट राहिल्या. सौ. म्हणाली, "आता आई अधिक मोठ्याने अस्पष्ट बोलतात!"

पुढे परिचयातील एक वृद्ध रेडिओ दुरुस्तीकार घरी आले. त्यांनी प्रथम स्पीकरच्या मागे पाहिले. एका स्पीकरच्या तारा उलट जोडलेल्या होत्या. असे झाले की एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. खर्जाचा स्वर एकमेकांस मारतो आणि मधोमध उमटावयाचा आवाज विखुरतो. तारा सरळ केल्या. मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन त्यांनी कॅसेट डेकचे हेड पुसले. काडी तपकिरी झाली. शोकेसच्या खणात कोंबलेले स्पीकर बाहेर काढून दुकानातील दोन जुन्या लाकडी स्टुलांवर ठेवले. त्या संध्याकाळी आईचा शब्दन् शब्द ऐकू आला. खर्च जवळपास शून्य!

या अनुभवावरून नवशिक्या श्रोत्यासाठी खर्चाचा क्रम मांडतो.

पहिली पायरी मांडणीची. दोन स्पीकर आणि आपली बैठक यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. तार स्वर देणारा लहान ट्विटर कानाच्या उंचीवर असावा. भिंतीला व कोपऱ्याला चिकटलेल्या स्पीकरचा खर्ज फुगतो. तो थोडा पुढे ओढावा.

दुसरी पायरी खोलीची. आपल्याकडे फरशी गुळगुळीत व भिंती उघड्या. खोलीत एक टाळी वाजवून पाहावी. झणझणाट उरला तर सतरंजी, जाड पडदे आणि भरलेले पुस्तकांचे कपाट यांनी तो बराच शमतो.

तिसरी पायरी स्पीकरची. पैसा खर्चावयाचाच तर अधिक वाटा येथे घालावा, कारण यंत्रणेचा स्वभाव प्रामुख्याने स्पीकरच ठरवितो. जुने घेताना पडद्याभोवतीची कडा तपासावी. फोमची कडा कालांतराने भुगा होऊन गळते, रबराची अधिक टिकते. ओळखीचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे आणि दोन जोड्यांची तुलना समान आवाजावर करावी. मोठा वाजणारा स्पीकर चांगला वाटतो, हा कानाचा भ्रम आहे.

अँप्लिफायर शेवटी. वॅट दुप्पट केले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा भासण्यासाठी सुमारे दहापट वॅट लागतात. उलट, एका वॅटला एक मीटरवर ८६ ऐवजी ८९ डेसिबल देणारा स्पीकर निवडला, तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट पुरतात. हे गणित मला खरेदीपूर्वी ठाऊक असते, तर ते १८,००० रुपये वाचले असते. स्पीकरचे ओहम मात्र अँप्लिफायरला चालणाऱ्या किमान मर्यादेखाली नसावेत, अन्यथा तो तापतो व बिघडतो.

महागड्या तारांच्या मोहात पडू नये. तीन-चार मीटर अंतरासाठी दीड चौरस मिलिमीटर जाडीची साधी तांब्याची तार पुरेशी आहे; दोन्ही टोकांस अधिक-उणे मात्र नीट जुळवावे.

व्यापारी माणूस नवा माल भरण्यापूर्वी गोदामातील माल मोजतो. संगीताच्या बाबतीतही तोच हिशेब ठेवावा. नवा अँप्लिफायर आज आमच्याकडे आहे, वाजतोही उत्तम. परंतु आईचा आवाज परत मिळाला तो दोन तारा, एक कापसाची काडी आणि दोन स्टुले यांच्यामुळे.