चार किलो ऊन

२४ मे २०२४ रोजी अकोल्यात पारा ४५.८ अंशांवर गेला आणि लगेच जिल्हाधिकाऱ्यांनी जमावबंदीचं कलम १४४ लागू केलं. एरवी दंगलीच्या भीतीने लावत असत ते कलम त्या वेळी उन्हासाठी लागलं. मजुरांना पाणी आणि पंखे पुरवा, शिकवणीच्या वेळा बदला, असे त्या आदेशाचे विषय होते.

वऱ्हाडात उन्हाचा हिशेब अंशांत होतो. आज किती, काल किती, एवढीच विचारपूस. हाच हिशेब विजेच्या बिलावरच्या युनिटांत मांडून पाहू. एक युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण तासभर चालवायला लागणारी ऊर्जा, ३६ लाख जूल. आपल्याकडे सपाट जमिनीच्या एका चौरस मीटरवर, वर्षाची सरासरी धरली तर, दिवसाला सव्वापाच-साडेपाच युनिट ऊन पडतं. अमरावती जिल्ह्याचं क्षेत्रफळ १२,२१० चौरस किलोमीटर आणि अकोल्याचं सुमारे ५,४००. गुणाकार केला की दोन जिल्ह्यांवर एका दिवसात उतरणारी ऊर्जा निघते सुमारे ९,५०० कोटी युनिट. सगळ्या भारतात वर्षभरात तयार होणारी वीज पावणेदोन लाख कोटी युनिटांच्या घरात आहे. म्हणजे देशाच्या वर्षभराच्या विजेइतकी ऊर्जा या दोन जिल्ह्यांवर अवघ्या अठरा-एकोणीस दिवसांत पडते.

या उन्हाला वजनही आहे. आइन्स्टाईनने १९०५ साली दाखवून दिलं की वस्तुमान आणि ऊर्जा ही एकाच गोष्टीची रूपं आहेत. एक ग्रॅम वस्तुमान पूर्णपणे ऊर्जेत बदललं तर अडीच कोटी युनिट मिळतात. सूर्य दर सेकंदाला चाळीस लाख टन वस्तुमान असं उधळतो. त्यातलं सगळ्या पृथ्वीच्या वाट्याला येतं सेकंदाला जेमतेम दोन किलो. अकोला आणि अमरावतीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडलेलं सगळं ऊन तराजूत घालता आलं, तर ते चार किलोही भरणार नाही. मेळघाटचं जंगल, पूर्णेचा काठ, दोन शहरं, हजारावर गावं, सगळ्यांना भाजून काढणारं ते एवढंसंच. आणि त्यातलं जवळजवळ सगळं तापलेल्या जमिनीतून, हवेतून पुन्हा आकाशात निघून जातं.

एवढी ऊर्जा डोक्यावर ओतली जात असताना वावरातल्या मोटरीला थ्री फेज मात्र अनेकदा रात्री मिळते, आणि माणूस बॅटरी घेऊन अंधारात ओलित करायला जातो. ऊर्जेचा तोटा इथे कधीच नव्हता. ती हव्या त्या रूपात नाही, आणि रूप बदलताना दर वेळी काही हिस्सा द्यावा लागतो, हे खरं दुखणं आहे.

हा हिस्सा किती मोठा असतो ते बाळापूर तालुक्यात पारसला दिसतं. शेगावहून अकोल्याला येताना रेल्वेतून जे औष्णिक वीजकेंद्र दिसतं, तिथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. पूर्ण ताकदीने चालले तर दिवसाला १ कोटी २० लाख युनिट. त्यासाठी रोज साडेआठ हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो, म्हणजे अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणींच्या दोनाहून जास्त रेक. हा कोळसा विदर्भातल्या गोंडवन खडकांचा, साधारण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा डायनासोरही जन्मले नव्हते. त्या काळातल्या दलदलीच्या जंगलांनी जे ऊन पानांत धरलं, ते गाळाखाली दाबलं गेलं, काळं झालं. पारसला त्याचं पिठासारखं बारीक चूर्ण करून भट्टीत फुंकतात आणि ते काही सेकंदांत जळून जातं. इतकी वर्षं साठवलेलं आणि इतक्या झटक्यात संपणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

भट्टीतली उष्णता पाण्याची वाफ करते, पाचशे अंशांहून जास्त तापलेली. ती वाफ टर्बाइनच्या पात्यांवर आदळते आणि तो अजस्र दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो, सेकंदाला ५०. आपल्या घरातल्या विजेचे ५० हर्ट्झ म्हणतात ते हेच फेरे. रासायनिक ऊर्जा उष्णता झाली, उष्णता गती झाली, गती वीज झाली. पण कोळशातून १०० युनिट उष्णता निघाली असेल तर तारेत पोचते सुमारे ३५ युनिट. काही चिमणीतून धुरासोबत जाते आणि उरलेली, अर्ध्याहून जास्त, थंड करायच्या पाण्याच्या गळ्यात पडते. पारसला हे पाणी बाळापूरजवळ मन नदीवरच्या बंधाऱ्यातून येतं. एका युनिटमागे अडीच-तीन लिटर पाणी खर्च होतं आणि त्यातलं बहुतेक वाफ होऊन आकाशात जातं. पूर्ण ताकदीच्या एका दिवसाला तीन कोटी लिटरांवर. अमरावतीच्या नांदगाव पेठला २७० मेगावॅटचे पाच संच आहेत, म्हणजे पारसच्या पावणेतीन पट क्षमता. तिथलं पाणी अप्पर वर्धा धरणातलं. ज्या मुलखात कापसाला एक पाणी मिळालं की पीक वाचतं, तिथे विजेची किंमत पाण्यात मोजायलाच हवी. बिलावर तो रकाना नसतो.

पारसचा आकडा आणखी एका हिशेबात अचानक समोर येतो. धडधाकट माणूस दिवसाला दोन ते अडीच हजार किलोकॅलरी खातो आणि शेवटी त्यांची उष्णताच करतो. हा वेग जवळजवळ १०० वॅट पडतो. २०११च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्यात २८ लाख ८८ हजार आणि अकोल्यात १८ लाख १४ हजार माणसं होती. एकूण ४७ लाख. प्रत्येकी १०० वॅट धरले तर ४७० मेगावॅट. नुसतं जगताना, श्वास घेताना, झोपेतसुद्धा, या दोन जिल्ह्यांतली माणसं मिळून एक आख्खं पारस चालवतात. इंधन ज्वारी, तूर आणि गहू.

त्या इंधनाची ताकद पाहायची तर परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढून जावं. चढ सुमारे ७०० मीटरचा. ६० किलोच्या माणसाला तेवढं उंच नेण्याचं निव्वळ काम भरतं युनिटच्या नवव्या हिश्शाएवढं. स्नायू खाल्लेल्या अन्नाचा फार तर चौथा भाग कामी लावतात आणि बाकीचा घाम काढतात, तरीही हा सगळा घाट दीड-दोन भाकरींत होतो. उलट बाजूने पाहिलं तर जास्त नवल वाटतं. एक कप चहाचं पाणी उकळायला जी उष्णता लागते, ती सगळी वर चढण्यासाठी वापरता आली तर तोच माणूस ७५ मीटर उंच जाईल, पंचवीस मजले. मँचेस्टरच्या जेम्स जूलने १८४०च्या दशकात पडणाऱ्या वजनांनी पाण्यातली पाती फिरवून हेच मोजलं होतं: पाणी एका अंशाने तापवायचं तर ते ४२७ मीटर उंचावरून खाली पडावं लागतं. चिखलदऱ्याचं पावसाळी पाणी दऱ्याखोऱ्यांतून आपटत सपाटीवर येतं, तेव्हा त्याची सगळी उंची उष्णतेत गेली तरी ते दोन अंशही तापत नाही. उंचीत ऊर्जा फार थोडी मावते, उष्णतेत अफाट. मोठं शेततळं घ्या, २० लाख लिटरचं. त्यातलं सगळं पाणी दहा मीटर वर चढवून ठेवलं तरी साठते फक्त ५५ युनिट वीज. घरातला पंधरवडा निघेल.

उष्णता सर्वांत जास्त दडते ती पाण्याच्या वाफेत. मे महिन्यात वऱ्हाडातलं घरोघरचं कुलर हाच व्यवहार करतं. एक लिटर पाणी उडून जाताना हवेतून युनिटच्या दोन तृतीयांशाएवढी उष्णता ओढून घेतं. कुलरच्या वाळ्यातून तासाला पाच लिटर पाणी उडालं तर ३४०० वॅटच्या वेगाने उष्णता निघते, आणि पंखा-पंप मिळून वीज घेतात जेमतेम २०० वॅट. बाकीचं काम कोरडी हवा फुकट करते. जूनमध्ये हवा ओली झाली की हेच कुलर निकामी होतं, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे.

आता हाच व्यवहार उलटा आणि आभाळाएवढा. वाफेचं पुन्हा पाणी झालं की घेतलेली सगळी उष्णता परत करावी लागते. अकोला जिल्ह्यावर सर्वदूर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे धूळही नीट बसणार नाही इतका, तर ते पाणी भरतं ५४० कोटी लिटर. ढगात वाफेचं ते पाणी होताना जी उष्णता बाहेर पडली ती ३६० कोटी युनिटांहून जास्त. पारसचे दोन्ही संच दहा महिने अखंड चालले तर तेवढी वीज होईल. हे एका मिलिमीटरचं. पेरणीजोगा २५ मिलिमीटर पाऊस झाला की आकडा जातो नऊ हजार कोटींवर: पारसची एकवीस वर्षं, किंवा दोन्ही जिल्ह्यांवरचं दिवसभराचं सगळं ऊन. ते ऊन मुळात आपलं नव्हेच, समुद्रावर पडलेलं होतं. मोसमी वारे ते वाफेत लपवून शेकडो किलोमीटर आत आणतात आणि आपल्या डोक्यावर सोडतात. त्याच उष्णतेने ढग आणखी उंच फुगतो, वारं सुटतं, विजा पडतात.

आकाशातल्या विजेबद्दल मात्र आपला अंदाज चुकतो. तिच्या वाटेतली हवा ३०,००० अंशांपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. पण एका लोळातली ऊर्जा असते साधारण १०० कोटी जूल, म्हणजे पावणेतीनशे युनिट. काटकसरीने राहणाऱ्या घराचं अडीच-तीन महिन्यांचं बिल. ती सेकंदाच्या इवल्याशा भागात सुटते म्हणून झाडाखाली थांबलेल्या माणसाचा जीव घेते.

पिकाकडे पाहिलं की आकडे एकदम लहान होतात. एकरभर कोरडवाहू कपाशीवर सहा महिन्यांत ३६ लाख युनिटांच्या आसपास ऊन पडतं. एकरी चार क्विंटल कापूस धरला, त्यातली रुई, सरकी आणि मागे राहिलेली टनभर पऱ्हाटी हे सगळं जाळून मोजलं, तर ऊर्जा निघते सात हजार युनिटांच्या आत. हजारात दोन. त्यातही दोन तृतीयांश पऱ्हाटीत असते, जी कुणी चुलीत घालतं, कुणी बांधावर पेटवतं. बाजारात ज्या रुईचा भाव होतो तिच्या वाट्याला उन्हाच्या दहा हजारात दोन भागसुद्धा येत नाहीत. अकोल्याच्या जिनिंग-प्रेसिंगची सगळी भरभराट एवढ्याशा हिश्शावर उभी राहिली.

आणि वरूड-मोर्शीची संत्री. तिथे बोअर हजार फुटांवर गेले आहेत. एक युनिट वीज, जराही वाया न जाता, हजार फुटांवरून बाराशे लिटर पाणी वर आणू शकते. मोटर, पाइप, केबल यांचा हिस्सा वजा केला तर हाती येतं पाचशे लिटरच्या आत. वीस बाय वीस फुटांवर लावलेल्या एकरात ११० झाडं बसतात. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला रोज १२० लिटर द्यायचं म्हटलं तर तेरा हजार लिटर, म्हणजे २७ युनिट. त्याच एकरावर मे महिन्याचं ऊन रोज पडतं २७ हजार युनिट. हजारातला एक भाग पकडला तर बाग भिजते, आणि त्यासाठी लागतं २५-३० चौरस मीटर सौर पॅनेल, बांधाच्या कोपऱ्यात मावेल एवढं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली ती शेतीला दिवसा वीज देण्यासाठी, आणि रात्रीचं ओलित, साप-विंचवाचं भय ज्याने भोगलं आहे त्याला या दिवसा मिळणाऱ्या विजेचं मोल सांगावं लागत नाही. मी या योजनेच्या पूर्ण बाजूने आहे. पण हजार फुटांचं पाणी अकराशे फुटांवर गेलं की त्याच तेरा हजार लिटरला तीस युनिट लागतात, बाराशेवर तेहतीस. पॅनेलला त्याचं काही ओझं नाही. ऊन तेवढंही देतं, आणि बिल येत नाही म्हणून मोटर बंद करायचं कारणही उरत नाही. म्हणून या दोन तालुक्यांत सौरपंप बसवताना किती एचपीचा याच्या आधी बोअर किती फुटांवर आहे, गेल्या वर्षी किती होता आणि पावसाळ्यात किती भरला, हे विचारलं गेलं पाहिजे.