एक तट, तीन वेढे

युद्धांचा इतिहास वाचताना पुष्कळ मुले दोनच गोष्टी शोधतात : कोण जिंकले आणि सैन्य किती होते. एवढ्यावर समाधान मानले, तर इतिहास म्हणजे केवळ सनावळ्यांची रास होऊन बसते. त्यापेक्षा एकाच स्थळी निरनिराळ्या काळी झालेल्या लढाया शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला या कामी फार उपयोगी आहे. भोवती रुंद खंदक, आत बुरुजांनी बळकट केलेला दगडी तट. हा तट सोळाव्या शतकात हुसेन निजामशहाने उभारला.

१५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद याने किल्ल्याला वेढा दिला. निजामशाहीच्या सरदारांत फूट पडली होती. अशा वेळी चांदबिबीने किल्ल्याचा कारभार हाती घेतला. मोगलांनी तटाखाली भुयारे खणून त्यांत दारू ठासली. आतल्या लोकांना सुगावा लागताच त्यांनीही खणत जाऊन काही सुरुंगांतील दारू काढून घेतली. तरी एक सुरुंग उडालाच आणि तटाला मोठे खिंडार पडले. चांदबिबी तलवार घेऊन स्वतः तेथे उभी राहिली, आणि रातोरात ते खिंडार बुजवण्यात आले. पुढे १५९६ मध्ये तह झाला. वऱ्हाड गेले, अहमदनगर राहिले. याला विजय म्हणावे की पराजय, हे वाचकाने स्वतः ठरवावे.

१६०० मध्ये मोगल पुन्हा आले. तट तोच, चांदबिबीही तीच. परंतु आतील माणसांचा एकमेकांवरील विश्वास उडाला होता. ती शत्रूशी बोलणी करू लागताच फितुरीची आवई उठली आणि तिच्याच लोकांनी तिला ठार मारले. त्यानंतर लवकरच किल्ला पडला.

१८०३ मध्ये किल्ला दौलतराव शिंद्यांकडे होता. ८ ऑगस्टला आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेने शिड्या लावून पेठेचा तट घेतला. मग किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या. सैन्याला सुखरूप जाऊ द्यावे या अटीवर १२ तारखेला किल्लेदाराने किल्ला सोडला. या वेळी सुरुंगाची गरजच पडली नाही.

हे सारे आपल्याला कोणी सांगितले, हेही पाहावे लागते. दारूगोळा संपल्यावर चांदबिबीने सोन्यारुप्याची नाणी तोफांतून डागली, ही कथा मुलांना फार आवडते. पण ती आढळते शंभराहून अधिक वर्षांनंतर लिहिणाऱ्या खाफीखानाच्या ग्रंथात. फेरिस्ता हा इतिहासकार चांदबिबीच्या काळातलाच. त्याचे बालपण अहमदनगरात गेले होते. तथापि १५८९ पासून तो विजापूरच्या दरबारी होता, आणि तेथील सुलतानाची चांदबिबी ही चुलती. वेलस्लीची पत्रे तर जिंकणाऱ्यानेच लिहिलेली. हा किल्ला अतिशय बळकट होता असे तो त्यांत सांगतो. किल्ला खरोखरच बळकट होता. पण तसे सांगण्यात घेणाऱ्याचीही थोरवी वाढत होती. १८१५ मध्ये वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच.