शरणपूरच्या गोष्टीतल्या बायका

शरणपूर रोडवरून रोज हजारो नाशिककर जातात. या नावातले शरण आलेले कोण, हे विचारायला कोणाला सवड असते? एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या युद्धनौका अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडत. त्यांतून सुटलेली काही आफ्रिकन मुले-मुली मुंबईमार्गे चर्च मिशनरी सोसायटीच्या या वसाहतीत आली.

इतिहासाचा मास्तर म्हणून ही गोष्ट मी वर्षानुवर्षे वर्गात अभिमानाने सांगितली. आफ्रिकेत भटकणाऱ्या लिव्हिंग्स्टनच्या मदतीला १८७२ साली नाशिकला शिकलेले सहा तरुण गेले. पुढच्याच वर्षी साहेब वारले. त्यांचे हृदय तिथेच पुरले, तेव्हा आपल्या जेकब वेनराइटने प्रार्थना म्हटली. मग तो काफिला साहेबांचा देह घेऊन कित्येक महिने समुद्राकडे चालत राहिला. १८७४ मध्ये जेकब शवपेटीबरोबर थेट लंडनला पोहोचला!

एकदा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, त्यांच्यात एकही बाई नव्हती?"

"नसावी," मी ठोकून दिले आणि धडा पुढे नेला.

होती की! लिव्हिंग्स्टनची रोजनिशी मी पुढे नीट वाचली, तेव्हा हलिमा भेटली. ती नाशिकची नव्हे. काफिल्यातल्या अमोदाची बायको आणि साहेबांची स्वयंपाकीण. एकदा न्ताओएका नावाच्या बाईशी कडाक्याचे भांडण होऊन ती निघून गेली आणि आपणहून परतली. (भांडली म्हणून निदान दोघींची नावे तरी नोंदली गेली!) अत्यंत कामाची, चोरीचे नाव नाही, असे साहेबांनी तिच्याविषयी लिहिले आहे. तिला मुक्त करून झांझिबारला घर आणि बाग घेऊन द्यायचेही त्यांच्या मनात होते.

ते राहून गेले. पार्थिवाच्या मागे हलिमाही झांझिबारपर्यंत गेली. तिच्या एवढ्या सेवेचे काहीच चीज झाले नाही, अशी हळहळ रोजनिशीच्या संपादकाने व्यक्त केली आहे, तीही तळटीपेत.

पुढे मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीरटाऊन वसले. नाशिकला शिकलेली आफ्रिकन जोडपी तिथे गेली. पुरुषांची नावे पुस्तकांत सापडतात. बायका बहुधा 'अमक्याची पत्नी' एवढ्याच. नवख्या मुलखात संसार मात्र त्यांनीही थाटला होता.

मी आता निवृत्त झालो. त्या मुलीला खरे उत्तर द्यायचे राहिले आहे, आणि तिचा पत्ता माझ्याकडे नाही.