पिक्चर पाहून आल्यावर

'कसा वाटला बे पिच्चर?' चिखली-मेहकरच्या एस.टी. स्टँडवर, चहाच्या टपरीवर हा प्रश्न निघतो आणि चर्चा रंगते. प्रस्थापित समीक्षक तिला समीक्षा मानत नाहीत. पण चित्रपटावर मत देताना प्रेक्षक गावातली आपली जागाही सांगत असतो.

'अछूत कन्या' (१९३६) मधली कस्तुरी रेल्वे थांबवायला धावते आणि मरते. 'सुजाता' (१९५९) स्वतःचं रक्त देऊन पालक आईला वाचवते, तेव्हा कुठे त्या घराची लेक ठरते. वाड्यातला प्रेक्षक डोळे पुसून म्हणतो, 'किती गुणी पोर!' गावकुसाबाहेरचा विचारतो, 'माणूस ठरण्यासाठी दर वेळी आमच्याच पोरीनं का मरायचं?' पडदा एकच, प्रश्न वेगळे.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मधल्या जब्याकडे असा त्याग मागितलेला नाही. घरचे डुक्कर धरतात, गाव हसतं. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. इथे 'अभिनय चांगला होता' म्हणून सुटका नाही. दगड कोणाला लागला, हे बोलावं लागतं. 'आता जातपात राहिली कुठे?' असं म्हणणाराही आपली जागाच सांगून जातो.

म्हणून आपल्या पोरांनी पिक्चर पाहून गप्प बसू नये. 'आवडला, नाही आवडला' याच्या पुढे जाऊन विचारावं: यात कष्ट कोणाचे, निर्णय कोणाचा आणि हसं कोणाचं? टपरीवर हे बोलावं, मग कागदावर उतरवावं. आपली समीक्षा दुसरं कोणी लिहून देणार नाही.